हँगर तापवला तो हिवाळा

अमेरिकेत मला पहिलं काम मिळालं ते एका विमानाला हिवाळाभर उबेत ठेवण्याचं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही ॲन आर्बरला राहत होतो. नवरा विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये संशोधन करत होता आणि मुलगी नुकतीच नर्सरीत जायला लागली होती. मी पुण्याला साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत वाफेच्या पाइपलाइनी डिझाइन करायचे. इथं मात्र छोट्याशा अपार्टमेंटमध्ये बसून पार्किंगमधल्या गाड्यांवर साचणारं बर्फ बघत होते. ग्रीन कार्ड हातात होतं, पण नोकरी नव्हती. मिशिगनमध्ये तेव्हा मोटारींचे कारखाने धडाधड माणसं काढत होते. इथं शिकलेले, इथं मुरलेले इंजिनिअर घरी बसलेले. माझ्या अर्जाला कोण विचारतो?

नवऱ्याला माझी घालमेल दिसत होती. एकदा तो म्हणाला, "लायब्ररीत इंग्लिश संभाषणाचा वर्ग चालतो. परदेशी स्टुडंट्सच्या बायकांसाठी. तू जा ना."

"मला इंग्लिश येतं," मी फणकारले.

"येतं गं. पण निदान बोलायला माणसं तरी भेटतील."

मी गेले. तळघरातल्या खोलीत एक लांब टेबल होतं आणि त्याभोवती कोरियन, इराणी, पोलिश, ब्राझिलियन अशा सगळ्या बायका. शिकवायला साठी ओलांडलेल्या एक बाई यायच्या. उंच, सडपातळ, आखूड पांढरे केस. शाळेतल्या बाईंसारख्याच मला त्या वाटल्या, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना 'बाई' म्हणायला लागले. त्या दिवशी प्रत्येकीनं आपण आपल्या देशात काय करत होतो ते सांगायचं होतं. माझी पाळी आल्यावर मी वाफ, बॉयलर, पाइप असं सगळं सांगून टाकलं. कितीतरी दिवसांनी ते शब्द तोंडात आले होते, त्यामुळे जरा जास्तच बोलले.

वर्ग संपल्यावर बाईंनी मला थांबवलं. "तुला एखादी मोठी, थंडगार जागा गरम करता येईल?"

"किती मोठी?"

"विमान मावेल एवढी," त्या हसून म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला भेट. तो अगदी मेटाकुटीला आलाय."

शनिवारी आम्ही तिघंही गेलो. गावाबाहेर, कापणी झालेल्या मक्याच्या शेतांमध्ये एक छोटं खाजगी विमानतळ होतं. विमानतळ म्हणजे गवताची एक लांब पट्टी आणि कडेला पत्र्याच्या शेडींची रांग. त्यातली शेवटची शेड, म्हणजे विमान ठेवायचा हँगर, यांची. बाईंचे यजमान रिटायर्ड डेंटिस्ट होते. बुटके, गोल चेहऱ्याचे, कायम कपाळावर चष्मा चढवलेले. त्यांना सगळे 'डॉक्टर'च म्हणायचे.

आत एक जुनं, दोन माणसांचं विमान उभं होतं. उभं कसलं, सांगाडाच होता तो. पंख काढून सुताराच्या घोड्यांवर ठेवलेले, त्यांच्या लाकडी फासळ्या उघड्या. मुलीनं ते बघितलं आणि विचारलं, "आई, इज इट सिक?"

डॉक्टरांना ते फार आवडलं. "हो, आजारी आहे," ते तिला म्हणाले. "आणि मी दातांचा डॉक्टर आहे, म्हणून जरा वेळ लागतोय."

मग त्यांनी मला अडचण सांगितली. या जातीच्या विमानाला धातूचा पत्रा नसतो. सांगाड्यावर कापड ताणून बसवतात आणि त्यावर डोप नावाच्या, लाखेसारख्या द्रव्याचे एकावर एक हात देतात. ते वाळलं की कापड ढोलाच्या चामड्यासारखं ताठ होतं. पण या कामाला ऊब लागते आणि हवा कोरडी लागते. मिशिगनच्या हिवाळ्यात दोन्हीही नाही. डॉक्टरांनी रॉकेलवर चालणारा एक ब्लोअर आणला होता. दिसायला छोट्या तोफेसारखा, आवाजही तसाच. त्यांनी तो चालू करून दाखवला. थोड्या वेळात समोर उभं राहणाऱ्याच्या नडग्या भाजायला लागल्या आणि पाठ मात्र गारठलेलीच. आणखी थोड्या वेळानं माझ्या डोक्यावर पाण्याचा थेंब पडला. मी वर बघितलं. छताच्या थंड पत्र्याला सगळीकडे दव धरलं होतं.

"हेच!" डॉक्टर म्हणाले. "छत गळत नाही, पण आत पाऊस पडतो. पंखाच्या टोकावर लेप लावून बघितला, तर ओलीनं पांढराफटक पडला. आणि त्या पेट घेणाऱ्या लेपाजवळ असा उघडा जाळ ठेवायचा म्हणजे एक दिवस मी विमानाआधी वर जाईन."

"रॉकेल जळताना पाण्याची वाफही होते. तीच वर जाऊन गार पत्र्यावर जमते," मी म्हटलं. "वसंतापर्यंत थांबता नाही येणार? एप्रिल-मेमध्ये आपोआपच..."

"नाही," ते म्हणाले. एवढा वेळ चेष्टेत बोलणारा माणूस एकदम गंभीर झाला. "मे महिन्यात ते उडायला पाहिजे." का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

परतताना गाडीत मी काचेवरच्या दवात बोटानं रेघा ओढत होते. डोक्यात पाइप फिरायला लागले होते. नवऱ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि तो नुसताच हसला.

डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आमच्या मराठी मंडळींच्या काकू होत्या. कुणाचं बाळंतपण असो की गणपती, सगळ्यांत पुढे. त्या आठवड्यात त्यांचा फोन आला, तेव्हा मी उत्साहानं सांगितलं, "काकू, मला काम मिळालंय. हँगर गरम करायचाय."

त्यांनी विचारलं, "अगं, कपड्यांचा हँगर कशाला गरम करतात ते लोक?"

मला इतकं हसू आलं की बोलताच येईना. पुढे सगळ्या मंडळींत माझं नाव 'हँगरवाली' पडलं.

मी कागद घेऊन बसले. पुण्यात उकाड्याशी झगडायची सवय. इथं उलटं गणित. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की अख्खी शेड तापवण्यात अर्थ नाही. उंच छप्पर, सरकते दरवाजे, फटीफटींतून वारा. सगळी ऊब छपराला जाऊन चिकटणार. तापवायचं आहे विमान, शेड नाही. मग विमानाला मच्छरदाणी लावायची! वर आडवे बांबू, म्हणजे इथं लोखंडी नळ्या, आणि चारही बाजूंनी जाड पडदे. त्या खोलीतल्या खोलीत काम करायचं. दुसरी गोष्ट, जाळ शेडीच्या बाहेर ठेवायचा. बाहेर भिंतीलगत एक आडोसा करून त्यात बॉयलर बसवायचा, त्यातलं गरम पाणी पाइपातून आत आणायचं आणि बिडाच्या रेडिएटरांतून फिरवायचं. जाळ नाही, धूर नाही, वाफ नाही. लेपाचा वास जमला की तो बाहेर फेकायला एक पंखा.

डॉक्टरांना ते पटलं. एका मुद्द्यावर मात्र आमचा वाद झाला. पाणी फिरवायला त्यांना विजेचा पंप हवा होता.

"पंप नको," मी म्हटलं. "जाड पाइप घेऊ, त्यांना उतार देऊ आणि बॉयलर खाली ठेवू. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार झालेलं खाली येतं. आपलं आपण फिरत राहील."

"पण पंप लावला तर झटपट काम होईल. वीज आहे की इथं."

"डॉक्टर, मी जिथून आले तिथं वीज असते आणि नसते. आम्ही दोन्ही धरून चालतो."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. इंजिनिअर तू आहेस." इंजिनिअर तू आहेस! या देशात पाऊल ठेवल्यापासून मला हे कुणी म्हटलं नव्हतं.

सामान जमवायला आम्ही सगळीकडे फिरलो. एका शेतकऱ्याच्या घरातून लाकडावर चालणारा जुना बॉयलर मिळाला. शेजारच्या गावात एक शाळा पाडत होते. तिथले बिडाचे रेडिएटर डॉक्टरांच्या एका जुन्या पेशंटनं आम्हाला उचलून नेऊ दिले. त्यांच्यावर मुलांनी कोरलेली नावं तशीच होती. जळणाला तोटा नव्हता. रोग पडून वाळलेली एल्मची झाडं त्या भागात जिकडेतिकडे उभी होती. ते लाकूड फोडणं म्हणजे मात्र जिवावरचं काम. त्याच्या नसा एकमेकींत गुंतलेल्या असतात. कुऱ्हाड आत जाते आणि बाहेर यायला तयार होत नाही. माझा नवरा पुण्याच्या सदाशिव पेठेतला. आयुष्यात त्यानं पेन्सिलीपलीकडे लाकूड तासलं नव्हतं. तो दर रविवारी जाऊन ते फोडायला लागला. संध्याकाळी हाताचे फोड मला दाखवायचा, जणू मेडलच.

पडद्यांचं काम बाईंनी अंगावर घेतलं. वर्गात त्यांनी विचारलं, "जुन्या चादरी, ब्लँकेटं, रजया कुणाकडे आहेत?" पुढच्या आठवड्यात टेबलावर ढीग पडला. मी त्यांना गोधडी कशी घालतात ते दाखवलं: थर एकावर एक अंथरायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. कोरियन बाईचे टाके मुंगीच्या पावलांसारखे बारीक, इराणी बाईचे लांब लांब. टाके घालता घालता जे इंग्लिश बोललं गेलं ते पुस्तकातून कधीच आलं नसतं. ब्राझिलियन बाई गायची, आम्ही तिला थांबवत नसू. बाईही आमच्यात बसून शिवायच्या, पण सुईत दोरा त्या दुसऱ्या कुणाकडून तरी ओवून घ्यायच्या. वयच झालंय, असं मला वाटलं.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास बॉयलर पेटवला. पाण्यात आम्ही मोटारीत घालतात तसलं न गोठणारं द्रव्य मिसळलं होतं. मी पहिल्या रेडिएटरवर हात ठेवून उभी राहिले. बराच वेळ काही नाही. बर्फासारखं गार बीड. डॉक्टर बाहेर जाऊन आणखी एक ओंडका घालून आले. आणि मग तळहाताला किंचित, अगदी तापलेल्या मुलाच्या कपाळासारखी ऊब लागली. ती हळूहळू पुढच्या रेडिएटरला गेली, मग त्याच्या पुढच्या. पाणी फिरायला लागलं होतं. मी मराठीत ओरडले, "फिरलं! फिरलं!" डॉक्टरांना शब्द कळला नाही, पण त्यांनीही तोच शब्द ओरडून म्हटला.

त्यानंतर सगळा डिसेंबर काम चाललं. बाहेर बर्फ गुडघ्याएवढं, आणि गोधड्यांच्या आत डॉक्टर सदऱ्याच्या बाह्या दुमडून कापड ताणत बसलेले. सकाळ-संध्याकाळ ते बॉयलरमध्ये लाकडं घालायचे. मी आठवड्यातून दोन-तीनदा मुलीला घेऊन जायचे. कुठं गळतंय का, कुठं हवा अडकलीय का ते बघायचे. बाई तिला कोपऱ्यात बसवून गोष्टी सांगायच्या. लेपाचा पहिला हात वाळला तेव्हा डॉक्टरांनी कापडावर टिचकी मारली. टण्ण! पांढरा डाग कुठंही नव्हता.

जानेवारीत एक दिवस पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. सकाळी उठलो तर प्रत्येक फांदी काचेत घातल्यासारखी, विजेच्या तारा तुटून लोंबत होत्या, आणि घरात वीज नव्हती. थोड्या वेळानं डॉक्टरांचा फोन आला.

"मी दारातच घसरलो. मनगट मोडलंय. शेजारी मला हॉस्पिटलमध्ये नेतोय." पुढचं ते घाईघाईनं बोलले. "काल पंखांना शेवटच्या आधीचा हात दिलाय, अजून ओला आहे. ती एकटीच पुढे गेलीय. हँगरवर. विमानतळावरच्या एका माणसाचा पिकअप जात होता, त्यात बसून. मी नको म्हणत होतो."

"ती म्हणजे? बाई?"

"तू जाशील? प्लीज."

आम्ही तिघंही निघालो. आमची जुनी, होडीसारखी लांबलचक गाडी नवऱ्यानं बैलगाडीच्या वेगानं हाकली. वाटेत कुणीच नव्हतं. हँगरपाशी पोहोचलो तर आडोशाच्या धुराड्यातून सरळ धूर निघत होता.

बाई बॉयलरसमोर एका खोक्यावर बसल्या होत्या. दाराशी आमची चाहूल लागल्यावर त्यांनी मान वळवली, पण बघितलं माझ्या थोडं बाजूला. मग हात लांब करून लाकडाचा ढीग चाचपला, एक ओंडका उचलला, दुसऱ्या हातानं बॉयलरच्या दाराची कड शोधली आणि तो आत सारला.

"बाई, तुम्हाला दिसत नाहीये?"

"कडेकडेनं दिसतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मधलं गेलंय. तुझा चेहरा दिसत नाही, कान दिसतात." आणि हसल्या. "डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, या वर्षात बाकीचंही बरंचसं जाईल. म्हणून त्याची घाई चाललीय."

"म्हणजे विमान..."

"माझं आहे. त्याचं कुठलं! त्याला शिडीवर चढलं तरी चक्कर येते."

नवरा मुलीला घेऊन आत शेडीत गेला. मी बाईंशेजारी बसले. त्यांनी सांगितलं की तरुणपणी, लढाईच्या काळात, त्या विमान चालवायला शिकल्या होत्या. वडिलांच्या शेतावरून उडायच्या. लग्न झालं, मुलं झाली, विमान एका कोठारात गेलं आणि तिथंच राहिलं. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. पण डोळ्यांचं निदान झालं त्या दिवशी घरी येताना त्या सहज बोलून गेल्या, 'नदी आकाशातून परत एकदा बघायला आवडलं असतं.' दुसऱ्या दिवशी डॉक्टर ट्रक घेऊन कोठारावर हजर.

"दातांपलीकडे त्याला काही येत नव्हतं," बाई म्हणाल्या. "सगळं पुस्तकं वाचून शिकला. मी म्हटलं, वेड्या, नको. पण तो ऐकेना. आणि मग तू वर्गात पाइपांबद्दल बोलायला लागलीस."

मी उठून आत गेले. वीज नव्हती, पंखा बंद होता, म्हणून पडद्याची वरची कड थोडी उघडून ठेवली. रेडिएटरांवरून हात फिरवला. सगळे गरम. सबंध तालुक्यात पंप थांबले असतील, इथलं पाणी आपलं आपण फिरत होतं. दिवसभर आम्ही आळीपाळीनं लाकडं घातली. दुपारी बाईंनी बॉयलरच्या झाकणावर सूपचा डबा ठेवला, मी घरून आणलेल्या पोळ्या त्यावरच शेकल्या. मुलगी पंखाखाली झोपून गेली. संध्याकाळच्या आत डॉक्टर प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून आले. आधी बाईंच्या गालाला हात लावला आणि मग पंखाच्या कापडाला. दोन्ही ठीक आहेत अशी खात्री झाल्यावर खोक्यावर बसले आणि म्हणाले, "फिरलं?"

"फिरलं," मी म्हटलं.

मे महिन्यात विमान उडालं. तपासणी करणाऱ्या माणसानं ते पास केलं. बाईंचं लायसन्स केव्हाच संपलं होतं, म्हणून त्या विमानतळावरचा एक इन्स्ट्रक्टर मागे बसला आणि बाई पुढे. वर्गातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. डेट्रॉइटहून काकूसुद्धा आल्या, नारळ घेऊन. "नव्या वाहनापुढे फोडायचा असतो," त्यांनी डॉक्टरांना समजावलं. डॉक्टरांनी मोडून जुळलेल्या हातानं तो फोडला.

विमान गवतावरून उसळत गेलं आणि उचललं गेलं. डॉक्टर एकटेच पाठमोरे उभे होते, वर बघत. मी जवळ गेले नाही. बऱ्याच वेळानं विमान परत आलं, बाई उतरल्या. वाऱ्यानं लाल झालेला चेहरा. त्या सरळ चालत डॉक्टरांकडे आल्या.

"दिसली?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिसली. मान वाकडी करून बघावं लागलं. पण नदी दिसली, पूल दिसला. आणि शेवटी इन्स्ट्रक्टरनं विमान चालवायची काठी माझ्याच हातात ठेवली." मग त्यांनी डॉक्टरांच्या कोटाची बाही घट्ट धरली आणि धरूनच ठेवली.

त्या उन्हाळ्यात त्या बऱ्याचदा उडाल्या. हँगरमधले रेडिएटर बघून डॉक्टरांच्या त्याच जुन्या पेशंटनं मला शाळांची हीटिंगची कामं करणाऱ्या एका छोट्या कंपनीत पाठवलं. मालकानं मला पाइपांचे उतार का दिले एवढंच विचारलं आणि सोमवारपासून ये म्हणाला. तिथं मी पुढे कित्येक वर्षं काम केलं. मुलीला शाळेतून आणायची जबाबदारी डॉक्टर आणि बाईंनी न सांगता घेतली. तिचे खरे आजी-आजोबा सातासमुद्रापार होते. पण दुपारी कुकी कुणी द्यायची, पडल्यावर गुडघा कुणी धुवायचा, हे प्रश्न आम्हाला कधी पडले नाहीत. मी आभार मानायला लागले की डॉक्टर विषय बदलायचे.

काही वर्षांनी बाईंची दृष्टी पुरतीच गेली. तेव्हा ते दोघं पश्चिमेकडे, मुलाकडे राहायला निघाले. निरोप घ्यायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. खोकी भरलेली, भिंती मोकळ्या. निघताना मी आपल्या पद्धतीनं वाकले आणि डॉक्टरांच्या पायांना हात लावला. त्यांना वाटलं माझं काहीतरी खाली पडलं. तेही शोधायला झटकन वाकले आणि आमची डोकी टणकन आपटली.

"काय झालं? काय झालं?" बाई खुर्चीतून विचारत होत्या.

मुलगी हसत सुटली होती. तिनंच त्यांना सांगितलं, "आई वॉज सेइंग थँक यू, अँड ही हिट हर."

बाई मोठ्यानं हसल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसले. त्यांनी माझा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश चाचपून बघितला. डॉक्टर कपाळ चोळत शेजारी उभे होते.

"अच्छा," बाई म्हणाल्या, "अशी दिसतेस होय तू."